बिननारळाची एकोणतीस वर्षं

मंगळवार, ३० सप्टेंबर. सकाळी साडेदहाला मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. पाऊण तास बसावं लागलं. येताना औषधं घेतली. घरी आल्यावर मुगाची खिचडी टाकली. दोन वाजता मुलगा तळोज्याला सेकंड शिफ्टला गेला. दुपारी पडून राहिले, झोप लागली नाही. आता सहा वाजून गेलेत. खाली सेक्टरच्या मैदानात गरब्याचे स्पीकर लावून बघतायत. यंदा दसरा आणि आपला ज्यूंचा किप्पूरचा उपास एकाच दिवशी आलाय, परवा गुरुवारी.

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली. मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहावं लागेल इतक्या लांब आपण कधी राहिलोच नाही. लग्न होऊन मी जुन्या पनवेलमधून नवीन पनवेलला आले, मध्ये फक्त रेल्वेचे रूळ. मला लिहायची सवय नाही. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं लिहिलं ते दाखले, अर्ज, पालकांना नोटिसा. तेव्हा जसं येईल तसं लिहिते. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, हे मला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये इस्रायलहून आत्याच्या मुलीचा फोन आला. तुला ती शेवटची भेटली तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या, आता तिला नातवंडं आहेत. मराठी अजून आपलंच बोलते. मध्येच एखादा तिकडचा शब्द येतो आणि मग "काय म्हणतात गं त्याला" करत थांबते. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिने एकदम विचारलं, "तुमच्याकडे कोणाच्या पापण्यांवर पिवळे डाग आहेत का गं?" मी म्हटलं, "का?" तर म्हणाली, "आहेत की नाहीत ते आधी सांग." तिच्या थोरल्या मुलाला छत्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. वाचला. अंगाने काटकुळा, रोज पोहायला जाणारा. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे डोळे बघितले, टाचा बघितल्या आणि सगळ्या घराचं रक्त तपासायला घेतलं. रक्तात कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेलं आहे, हे घराण्यातून येतं, ज्यांच्याकडून आलं त्यांच्या सगळ्या रक्ताच्या नात्यांना कळवा, असं त्यांनी सांगितलं म्हणून तिने फोन केला होता. "माझ्या आईकडून आलंय हे, म्हणजे आजोबांकडून. मामापण त्यानंच गेला असणार गं. आणि आपण सगळे मामीच्या हलव्याला बोल लावत बसलो."

आपण सगळे, असं ती म्हणाली. तो तिचा चांगुलपणा. बोल लावला तो मी. बाकीच्यांनी तो माझ्याकडून ऐकला.

बाबांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, हळदीचं बोट लागून राहावं तसे दोन डाग होते. आत्यालाही होते. ती आरशात बघून म्हणायची, "हे आमच्या घरचे डोळे, कुठेही ओळखू येतात." आपण त्याला रूपाचा भाग समजत होतो, जसं कोणाचं नाक असतं. बाबांच्या टाचेच्या वर, मागच्या शिरेवर गाठी होत्या. त्यांना बुटाची कड लागायची म्हणून ते डेपोत सुद्धा चपला घालून जायचे आणि साहेबांची बोलणी खायचे. संध्याकाळी ते ओट्यावर बसलेत, पाय पुढे केलेत, तू कोमट तेल लावत्येस आणि म्हणत्येस, "चालून चालून झालंय हे." ते म्हणतायत, "मी खुर्चीत बसणारा कारकून, चालतो कुठे?" मला हे इतकं स्पष्ट दिसतं की कधीकधी वाटतं, तुमच्यापैकी कोणीतरी मान वळवून माझ्याकडे बघेल. आजोबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अंगणात उभ्या उभ्या पडले होते. त्यांच्या डोळ्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. गेले, एवढंच सांगत आले सगळे.

बाबा पंचेचाळीस वर्षांचे होते. जूनमध्ये डेपोत त्यांच्या छातीत दुखलं आणि दोघा ड्रायव्हरांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी उभे राहून तुला म्हणाले, "यांच्या रक्तात चरबी फार आहे. खाण्यात तूप-लोणी किती असतं?" तू जरा अभिमानानेच सांगितलंस, "तूप नाही हो डॉक्टर. आमच्यात मटणाला दूध-दही-तूप चालत नाही. सगळं नारळाच्या दुधात." ते म्हणाले, "मग नारळच. तो बंद करा." आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला. मला वाटलं, मला कळलं.

त्यानंतरचे तीन महिने तू नारळाला हात लावला नाहीस. पापलेट नुसतं हळद-मिठात उकडायचीस. बाबा ताटाकडे बघून विचारायचे, "आजारी कोण आहे, मी का हे पापलेट?" आणि तरी खायचे. मग नव्याचा सण आला. दर वर्षी तू सणाच्या आधी गहू भिजत घालायचीस, तीन दिवस पाणी बदलायचीस, वाटून गाळून चीक काढायचीस, आणि नारळाच्या दुधात तो चीक आणि साखर घालून दुपारभर हलवत राहायचीस. त्या वर्षी तू गहू भिजवलेच नव्हते. बाबाच म्हणाले, "वर्षाचा सण आहे. हलव्याशिवाय नवीन वर्ष लागायचं कसं? एक वडी." तू नाही म्हणालीस. ते दुसऱ्या दिवशी परत म्हणाले. तिसऱ्या दिवशी तू गहू भिजवलेस. मी स्वयंपाकघरात होते तेव्हा, मला सगळं दिसत होतं. तू नारळाचं पहिलं, दाट दूध काढून शेजारी देऊन टाकलंस आणि चोथ्यात परत पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढलंस. हलवा नीट बसला नाही त्यामुळे, वड्या मऊ पडल्या. बाबांनी तीन खाल्ल्या. चौथ्या दिवशी ते डेपोत खुर्चीत बसल्याबसल्या गेले.

लोक बसायला येत होते. समोरच्या घरातल्या बाईने हळूच विचारलं, "पथ्यात काही चुकलं का गं?" तू काही बोलली नाहीस. मी बोलले. "आईनं हलवा केला होता. नारळाच्या दुधाचा." आत्या होती, तिची मुलगी होती, डेपोतल्या माणसांच्या बायका होत्या. सगळ्या क्षणभर तुझ्याकडे बघून खाली बघायला लागल्या. मग तू आत गेलीस, मी तुझ्यामागे आले. तू उरलेल्या वड्यांची ताटली हातात घेऊन उभी होतीस. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलं होतं तुला. तू मारलंस बाबांना." तू म्हणू शकली असतीस की दूध पातळ होतं. म्हणू शकली असतीस की त्यांनीच हट्ट केला. तू ताटली ओट्यावर ठेवलीस, पदराला हात पुसलेस आणि विचारलंस, "तुला भूक लागल्येय का?"

मी ते वाक्य परत कधी बोलले नाही. परत बोलायची गरजच पडली नाही. तू त्या दिवसापासून जाईपर्यंत, एकोणतीस वर्षं, घरात नारळ आणला नाहीस. विळीला खोवणी होती ती विळीच तू उरणकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळिणीला देऊन टाकलीस. तिला त्याचं भारी कोडं पडलं होतं. दारात पाटी उतरवून ती तुला म्हणायची, "कोलबी तुमी खात नाय, तां समाजला, तुमचा धरम हाय. पन नारल कनच्या धरमात नाय गो बाय? नुसता तिकाट पानी, त्याला काय कालवन बोलतात?" तू हसायचीस. म्हणायचीस, "नाही चालत आमच्या घरात." ती जाताना पाटी उचलून म्हणायची, "मासली तरी बिचारी फुकट मेली."

माझ्या लग्नाच्या आधी घरी मलिद्याची प्रार्थना ठेवली होती तेव्हाचं मला आठवतं. नारळाशिवाय मलिद्याचे पोहे कसे होणार? आत्याने शेजारच्या घरात जाऊन नारळ खोवून आणला आणि पोह्यांत कालवला. तू फळं कापलीस, प्रार्थनेला उभी राहिलीस, सगळ्यांना बशा दिल्यास. तुझी बशी घेतलीच नाहीस. बायका एकमेकींकडे बघत होत्या. कोणीतरी कुजबुजलं, "अजून मनाला लावून घेतलंय बिचारीने." मी नवरीची हिरवी साडी नेसून बसले होते आणि आई, मला त्या वेळी बरं वाटलं होतं. तू विसरली नाहीस म्हणून बरं वाटलं.

नारळ गेला आणि त्याच्या जागी वनस्पती तूप आलं. ते दुधाचं नव्हतं म्हणून मटणाला चालत होतं, आणि डॉक्टरांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पुऱ्या त्यात, करंज्या त्यात, मटणाचा मसाला त्यात. नातवाला तू हाताने भरवलंस ते सगळं त्यातलंच. मी शाळेत जायचे, तो दिवसभर तुझ्याकडे असायचा. शाळेत कोणाच्या डब्यातली ओल्या नारळाची चटणी खाऊन आला आणि त्याने तुला विचारलं, आपल्याकडे का नसते. तू त्याला सांगितलंस, "तुझ्या आजोबांना नारळ बाधला." माझं नाव घेतलं नाहीस. मी काय बोलले होते, तो हलवा कोणी मागितला होता, काहीच नाही. आजोबांना नारळ बाधला, एवढं एक वाक्य त्याने तुझ्याकडून घेतलं आणि त्यावर तो तीस वर्षांचा झाला.

त्याच्या टाचेवरची गाठ मी आठ वर्षांपूर्वीच पाहिली. तळोज्याला केमिकलच्या फॅक्टरीत लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा त्याला सेफ्टी शूज मिळाले होते. पहिल्या आठवड्यात घरी येऊन बूट काढले आणि म्हणाला, "मागे घासतात यार." मोजा खाली केला, तर बाबांची टाच. तीच, तशीच, शिरेवर. मी म्हटलं, "कापूस लाव," आणि गॅसकडे वळले. त्यानंतर घरात तो अनवाणी चालला की मी दुसरीकडे बघायचे. तुझे जावई तेव्हा होते. त्यांनी एकदा विचारलं, "दाखवायची का कोणाला ती गाठ?" मी म्हटलं, "चालून चालून झाली असेल." तुझंच वाक्य तोंडातून आलं.

तर ऑगस्टच्या त्या फोननंतर मी मुलाला म्हटलं, रक्त तपासून घे. तो हसला. "मम्मी, मी बासष्ट किलोचा आहे. मला कसलं कोलेस्टेरॉल?" मी म्हटलं, बारीक माणसालाही असतं. तो म्हणाला, "आणि आपल्या घरात नारळ येतो तरी का? आजोबा खायचे म्हणून गेले. मी आख्ख्या आयुष्यात खाल्ला असेल तो हॉटेलात इडलीबरोबर." पाच आठवडे हेच चाललं. मी रिपोर्टचं काढलं की तो नारळाचं काढायचा. इतका निर्धास्त होता तो. मला त्याच्या निर्धास्तपणाची भीती वाटायची, कारण तो मीच घरात आणून ठेवला होता. त्याला सुईपर्यंत न्यायचं तर आधी मला माझं वाक्य परत घ्यावं लागणार होतं, आणि ते ज्यांच्यासमोर बोलले त्यांतलं कोणी आता इथे नाही.

मागच्या आठवड्यात सोमवारी जेवताना मी त्याला सांगितलं. नव्याच्या सणाची संध्याकाळ होती, टेबलावर सफरचंद आणि मध होता, दोघंच होतो. मी म्हटलं, "आजोबा नारळानं गेले नाहीत. तसं मी म्हटलं होतं. आजीला म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. तिने ते खरं धरलं." तो चावायचा थांबला. "तू काय म्हणालीस नक्की?" मी नक्की काय म्हणाले ते सांगितलं. त्याने हातातली फोड खाली ठेवली. मग म्हणाला, "आणि आजी काय म्हणाली?" मी म्हटलं, "भूक लागल्येय का, असं विचारलं." त्याने ताट बाजूला सारलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मग मी आत्तापर्यंत कशाच्या जिवावर बटर-भुर्जी खात होतो?" त्याला तसं गमतीने म्हणायचं असावं, पण आवाज गमतीचा निघाला नाही.

शुक्रवारी सकाळी तो आपणहून रक्त द्यायला गेला. रात्रीपासून उपाशी राहायचं होतं. निघताना म्हणाला, "किप्पूरची रंगीत तालीम." रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला. त्यातला एलडीएलचा आकडा दोनशेच्या पुढे होता. मी तो आकडा ओळखला. असा आकडा मी आधी पाहिलेला होता.

आज डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. त्याचे डोळे बॅटरीने बघितले, बूट-मोजे काढायला लावून टाच दाबून बघितली. मग म्हणाले, "तुमच्याकडे घंटागाडी रोज येते ना? समजा ती दोन दिवसांआड यायला लागली. तुम्ही घरात कचरा कमी केलात तर चांगलंच आहे, पण कोपऱ्यावर ढीग साठणारच. तुमचं लिव्हर हे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलतं, पण त्याच्या फेऱ्या जन्मापासून कमी आहेत. ते नळ्यांच्या भिंतीत जाऊन बसतं, डोळ्यापाशी बसतं, टाचेत बसतं. ही गोळी फेऱ्या वाढवते. म्हणून ती रोज घ्यायची, बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. सहा आठवड्यांनी परत रक्त. तळलेलं आणि वनस्पती तूप बंद, सिगरेट असेल तर आजच बंद, चालणं चालू ठेवा. उद्या लग्न केलंत, मुलं झाली, तर त्यांचंही लहानपणीच तपासायचं." मुलाने विचारलं, "आणि नारळ?" डॉक्टर म्हणाले, "जपूनच खा. त्यातही चरबी आहेच. पण मूळ ते नव्हे." मी विचारलं, "एखाद्याला असं असेल आणि त्याने सणाला हलव्याच्या दोन-तीन वड्या खाल्ल्या, तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तीन वड्यांनी चार दिवसांत कोणी जात नाही हो. वीस-पंचवीस वर्षं साठत आलेलं असतं ते." आणि मग माझी जुनी फाइल चाळत त्याच आवाजात मुलाला म्हणाले, "तुमच्या आईंना मी चौदा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, मुलाचं करून घ्या म्हणून. असो. उशीर झालेला नाही."

बाहेर आलो. तो औषधाच्या दुकानात गेला नाही, फुटपाथवर थांबला. 

"चौदा वर्षं?" 

मी म्हटलं, "हो." 

"ती तुझी गोळी थायरॉइडची नाहीये?" 

"नाही." 

"तेव्हा आजी होती ना गं?" 

मी म्हटलं, "होती." 

"तिला सांगितलंस?" 

कोन गावाच्या सीटा भरणारा एक रिक्षावाला कोन, कोन ओरडत आमच्यासमोर थांबला आणि बघून पुढे गेला. मुलगा म्हणाला, "मला नाही सांगितलंस ते ठीक आहे. मी जिवंत आहे अजून." मग दुकानात जाऊन त्याने औषधं घेतली. घरी आल्यावर भूक नाही म्हणाला, मग येऊन उभ्याउभ्याच खिचडी खाल्ली. जाताना गोळ्यांची एक पट्टी खिशात घातली. आत्ता मघाशी त्याचा फॅक्टरीतून मेसेज आला, एकच शब्द: घेतली. मी तो चार वेळा वाचला.

त्याने विचारलेलं तूही विचारशील. चौदा वर्षांपूर्वी शाळेत तपासणीचं शिबिर होतं. माझा रिपोर्ट बघून मला या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पापण्या बघितल्या, माझ्या पापणीला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती, आणि विचारलं, घरात कोणी लवकर गेलंय का. मी बाबांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. ते म्हणाले, मग हे वडिलांकडून आलंय, यात खाण्याचा दोष फारसा नसतो. तिथून मी चालत रूळ ओलांडून तुझ्याकडे आले. तू दारात तांदूळ निवडत बसली होतीस. म्हणालीस, "आज लवकर सुटलीस? चहा टाकू?" मी चहा घेतला. तुझ्या हातांकडे बघत होते. वाटत होतं, आत्ता सांगते, हा कप संपला की सांगते. तू चिडशील अशी भीती नव्हती. तू चिडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. भीती ही होती की तू हातातलं सूप खाली ठेवशील आणि नुसतं म्हणशील, "अस्सं?" आणि मग मला ती सगळी वर्षं तुझ्या तोंडावर दिसतील. मी कप विसळून ठेवला आणि घरी आले. गोळीला थायरॉइडची म्हटलं. म्हणजे कोणी घराण्याचं विचारणार नाही.

त्यानंतर तू दोन वर्षं होतीस. म्हणजे सांगायला दोन वर्षं होती, आणि दोन वेळा ती संध्याकाळ आली, उपास धरायच्या आधीची, जेव्हा आपल्यात लहानाने मोठ्यासमोर उभं राहून माफी मागायची असते. दर वर्षी मी तुझा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर." आणि तू म्हणायचीस, "तुझं काय चुकणार?" काही चुकलं असेल तर. किती सोयीचे शब्द आहेत ते. नेमकं काय चुकलं ते सांगायलाच लागत नाही. माणसाचं माणसाशी चुकलं असेल तर देव माफ करू शकत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं, हे तूच मला लहानपणी शिकवलं होतंस.

शेवटच्या वर्षी तू खाटेवर होतीस. पांढरी साडी नेसवून मी तुला बसवलं होतं. मुलगा सिनेगॉगला पुढे गेला होता, घरात दोघीच होतो. मी नेहमीचे शब्द बोलले. तू नेहमीचं उत्तर दिलं नाहीस आणि माझा हातही सोडला नाहीस. म्हणालीस, "माझं चुकलं होतं. तो हलवा मी करायला नको होता. तेवढं तू मला माफ कर."

माझ्या पर्समध्ये तेव्हा गोळ्यांची पट्टी होती. पर्स मांडीवर होती. मला काय खरं आहे ते पुरतं माहीत होतं.

मी तुला काय म्हटलं होतं ते मुलाला सांगितलं, हे मात्र नाही सांगितलं. तुला मी म्हटलं, "केलं माफ." तू माझा हात सोडून, आपल्यात हात मिळवल्यावर लावतात तशी तुझी बोटं ओठांना लावलीस, आणि त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवलीस.

नळाला पाणी आलेलं ऐकू येतंय. सात ते साडेसातच असतं. उठते, पिंप भरून घेते.